शनिवारचा वर्ग आणि हायाशी-सानांची खुर्ची

माझ्या नातीचा, ईराचा, मागच्या महिन्यात फोन आला. ती राहते तिकडेच तिला बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आहे आणि तिने उद्योजकता हा खास विषय घेतला आहे. "आजी, यू डिड दॅट टू, राइट?" तिने विचारलं. नाही बाळा, मी ते केलं नाही. जे करत होते त्यांचं इंग्रजी मी दुरुस्त करत होते. या दोन्हींत बरंच अंतर आहे, आणि ते फोनवर समजावता समजावता मी दमले. त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काकू, तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा" म्हणून गळ घातली. म्हटलं, दोन्ही कामं एकदमच उरकू.

तेव्हा नातवंडांनो, ईरा आणि नील, हे तुमच्यासाठी. तुम्ही मराठी सावकाश वाचता म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा. त्याला अडेलच, कारण लहानपणी मी मराठीत विचारायचे आणि तो जपानीत उत्तर द्यायचा.

आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही नागोयाला आलो आणि राहिलो. मी पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. इथे आल्यावर पहिली काही वर्षं घर, बाबाची शाळा आणि जपानी शिकणं यांत गेली. माझं जपानी वर्गात कमी आणि इमारतीच्या कचरा समितीत जास्त झालं. कुठला कचरा कुठल्या वारी, बाटलीचं झाकण कशात, यावरून शेजारणींशी अतिशय सभ्य भाषेत वाद घालता आले की माणसाला जपानी आलं असं समजायला हरकत नाही. पुढे एका खाजगी विद्यापीठात पदव्युत्तर व्यवस्थापनाचा इंग्रजीतून अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांना इंग्रजी आणि जपानी दोन्ही येणारं, नीटनेटकं आणि फारसा पगार न मागणारं कुणीतरी हवं होतं. त्या तिन्ही अटी मी पुऱ्या केल्या.

माझ्या कामाला एक भारदस्त नाव होतं, पण काम साधं होतं. विद्यार्थ्यांचे निबंध तपासायचे, परदेशी प्राध्यापक आणि ऑफिस यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसायचं, आणि वर्गात कुणी बोलत नसेल तर बोलतं करायचं. शेवटचं काम सर्वांत अवघड. प्रोफेसर हार्लन अमेरिकन, उंच, बाकांमधून फिरत शिकवणारे. ते प्रश्न विचारत आणि तीस-पस्तिशीतले ते सगळे इंजिनिअर, बँकवाले, विक्रीखात्यातले लोक खाली बघत. त्यांना उत्तर येत नसे असं नाही. उत्तर तयार नसताना तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती. मग मी एक युक्ती काढली. प्राध्यापकांच्या टिपणांवरून दुसऱ्या दिवशीचे प्रश्न ओळखायचे आणि दोघातिघांना आदल्या दिवशीच हळूच सांगून ठेवायचे. महिन्याभरात वर्ग बोलू लागला. आपल्या शिकवण्याचा हा परिणाम, असं हार्लन सरांनी डीनना सांगितलं. नोकरीत असं समाधान अधूनमधून मिळतं आणि तेवढंच ठेवून घ्यायचं असतं.

आता हे विद्यार्थी कोण, ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बहुतेक जणांना त्यांच्या कंपन्यांनी पाठवलेलं असे. कंपनी फी भरायची, दोन वर्षं पगार चालू ठेवायची, दर महिन्याला अहवाल मागायची, आणि शिकून झालं की माणूस परत जागेवर. नव्वदीच्या सुरुवातीला इथली भरभराट ओसरली. जमिनीचे भाव कोसळले, बँका हादरल्या, आणि देशाला नवे उद्योजक हवेत असं जो तो बोलू लागला. विद्यापीठानेही लगेच उद्योजकतेचा वर्ग काढला, दर शनिवारी. म्हणजे काय झालं बघा. ज्यांनी कंपनी सोडायचीच नाही, त्यांना त्यांच्याच कंपनीच्या खर्चाने स्वतःची कंपनी कशी काढावी हे शिकवायचं. हा विनोद आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण हसत कुणी नव्हतं.

एक विद्यार्थी तर फार थोर होता. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या मिसोचा कारखाना, म्हणजे सोयाबीन आंबवून करतात त्या लगद्याचा. पहिल्याच तासाला त्याने, स्वतःहून, हात वर केला. मला वाटलं माझी युक्ती फळली. त्याने विचारलं, "धंदा बंद कसा करायचा, हे या अभ्यासक्रमात कधी आहे?" ते कधीच नव्हतं. तो पुढच्या शनिवारपासून आला नाही. पुष्कळदा मला वाटतं, त्या वर्गात नेमका प्रश्न त्यानेच विचारला होता.

पण मला सांगायचंय ते हायाशी-सानांबद्दल. (सान म्हणजे आपलं 'राव'.)

हायाशी-सान गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. बारीक, चष्मा, केस नेहमी नुकते कापल्यासारखे. कंपनीच्या वसाहतीत बायको, दोन लहान मुली आणि वडील यांच्यासोबत राहत. वडिलांचे गुडघे आणि कंबर दोन्ही गेली होती. बसलं की उठता येत नसे. सूनबाई दिवसभरात कितीदातरी त्यांना काखेत हात घालून उठवायची, आणि त्या कष्टापेक्षा म्हाताऱ्याला संकोचच जास्त व्हायचा. म्हणून ते पाणी कमी पिऊ लागले होते. वर्गात नव्या धंद्याची एक योजना करायची असे; हायाशी-सानांनी निवडली ती यावरच. घरातल्या साध्या खुर्चीवर बसवायची एक बैठक. वीज नको, मोटर नको. स्प्रिंग आणि एक दांडा. माणूस पुढे झुकला की बैठक मागून सावकाश वर येते आणि त्याला उभं करते. ती विकायची नाही, भाड्याने द्यायची, कारण प्रत्येकाचं वजन वेगळं आणि गरज बदलत जाते.

त्यांचा जोडीदार होता आपला प्रसाद. प्रसाद पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, तीन महिन्यांच्या कामासाठी आला आणि राहिला. आठवडाभर नोकरी करून शनिवारी वर्गाला यायचा, स्वतःच्या खर्चाने. तो मला काकू म्हणायचा, माझ्या डब्यातली पोळी न विचारता घ्यायचा आणि वर्गात कुणी न विचारताही उत्तरं द्यायचा. हार्लन सरांनी मुद्दामच त्या दोघांची जोडी लावली. एक बोलेना आणि एक थांबेना.

या विषयात काय शिकवतात, असं मला आजही लोक विचारतात. त्याचं सार फार मोठं नाही. वस्तू बनवण्याआधी ती कुणाला हवी आहे ते शोधायचं, त्याच्या दारात जायचं आणि त्यालाच विचारायचं. खोलीत बसून अंदाज करायचे नाहीत. सरांनी तोच गृहपाठ दिला. ग्राहकांना जाऊन भेटा. आणि अट घातली, की कंपनीचं नाव सांगायचं नाही. तुम्ही उद्योजक आहात, स्वतःच्या नावावर जा.

अमेरिकेत ही अट किरकोळ असेल. इथे ती फार मोठी होती. जपानमध्ये माणूस ओळख करून देताना आधी कंपनी सांगतो आणि मग नाव. अमक्या कंपनीचा हायाशी. दोन्ही हातांनी कार्ड पुढे करतो, समोरचा ते वाचतो आणि त्यावरून किती वाकायचं ते ठरवतो. कंपनीशिवाय आलेला माणूस म्हणजे नोकरी गेलेला, नाहीतर काहीतरी गळ्यात मारायला आलेला. प्रसादने दोघांसाठी नवी कार्डं छापून आणली. स्टेशनात यंत्र होतं, नाणी टाकली की लगेच छापून मिळत. त्यावर नुसतं नाव, आणि खाली "उठण्याची साधने". हायाशी-सान सरावासाठी माझ्या ऑफिसात आले. मी दुकानदारीण झाले. ते दाराबाहेर जात, आत येत, वाकत, तोंड उघडत आणि नावाच्या आधी अडकत. मी म्हटलं, नुसतं हायाशी म्हणा. ते म्हणाले, "नुसतं हायाशी म्हटलं की पुढे काही बोलायचा अधिकार आहे असं वाटत नाही."

त्या दोघांनी नागोयाजवळच्या सेतो गावाच्या बाजूचं एक दुकान निवडलं. आजाऱ्यांच्या खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या भाड्याने देणारं. मालकीण साठीची, धंद्यात मुरलेली. तिथे काय झालं ते मला प्रसादने सोमवारी सांगितलं.

सगळं छान झालं म्हणे. बाईंनी चहा दिला. नमुन्याच्या बैठकीवर स्वतः बसून पाहिलं, दांडा ओढला, स्प्रिंग दाबली, आणि अशी वस्तू मिळाली तर मी आजच ठेवीन म्हणाल्या. हायाशी-सान इतके खुश झाले की निघताना पुन्हा एकदा वाकले आणि त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. नवी कार्डं बाहेरच्या खिशात होती. आतल्या खिशात कंपनीची. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला आणि कार्ड बाईंच्या हातात पडलं.

हे त्यांच्या लक्षात आलं ते स्टेशनवर, खिसे चाचपताना. गाडी आली तरी ते चढेनात.

"काकू, मला आधी कळेचना," प्रसाद म्हणाला. "कार्डच तर आहे. मी म्हटलं, परत जाऊन मागून आणू. तर हे असे बघायला लागले जसं काही मी दुकानात चोरी करू म्हणालो."

दिलेलं कार्ड परत मागणं म्हणजे समोरच्याला, तू माझ्या ओळखीच्या लायकीची नाहीस, असं सांगणं. प्रसादने शेवटचा उपाय सुचवला, की मी एकटा जातो, मी परदेशी आहे, आम्हाला सगळं माफ असतं. हायाशी-सान म्हणाले, नको, त्यांनी चहा दिला आहे. आणि पुढच्या गाडीत बसले.

दुकानदार बाईंनी पुढे जे केलं ते अगदी रीतीला धरून केलं. चांगला माणूस पाठवल्याबद्दल कंपनीला फोन करून आभार मानले आणि ती बैठक बाजारात केव्हा येणार ते विचारलं. कंपनीत अशी बैठक कुणालाच माहीत नव्हती.

दहा-बारा दिवसांनी कंपनीच्या पर्सोनेल खात्याचे ओगावा-सान विद्यापीठात आले. सोबत मिठाईचा सुबक बांधलेला डबा. पन्नाशी ओलांडलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांना अभ्यासाबद्दल "थोडी विचारपूस" करायची होती. कंपनीचा माणूस मिठाई घेऊन विचारपूस करायला आला की काय समजायचं ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. हार्लन सरांना नव्हतं. मी त्यांना आधी गाठून सांगितलं, की हायाशी-सानांची स्तुती करू नका. ते चकित होऊन म्हणाले, "तो माझा सर्वांत चांगला विद्यार्थी आहे. मी दुसरं काय सांगू?"

खोलीत आम्ही चौघं होतो. ओगावा-सान, हार्लन सर, मी, आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून हायाशी-सान. दुभाष्याला एरवी थोडी सवलत असते. एखादा टोकदार शब्द आपण जरा बोथट करून पलीकडे देतो आणि दोन्ही पक्ष सुखी राहतात. त्या दिवशी ती सोय नव्हती. हायाशी-सानांना दोन्ही भाषा कळत होत्या. प्रश्न त्यांच्या आयुष्याचा होता. त्यांच्या देखत त्यातला एकही शब्द बदलायचा मला हक्क नव्हता.

ओगावा-सान आधी हवेबद्दल बोलले, मग विद्यापीठाच्या बागेबद्दल. मग म्हणाले की कंपनीत सध्या कामाचा फार ताण आहे. हायाशी-सानांचं शिक्षण बरंचसं झालंच आहे. ते आता परत आले तर विद्यापीठाची काही अडचण होईल का?

मी ते इंग्रजीत सांगितलं. हार्लन सर पुढे झुकले. "त्यांना सांगा, या वर्गात खरा ग्राहक मिळवलेला हा एकमेव माणूस आहे, आणि तुम्ही त्यालाच परत नेताय."

मी जपानीत सांगितलं, जसंच्या तसं. ओगावा-सानांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणूनच," ते म्हणाले.

मग हायाशी-सान उठले आणि कमरेत पूर्ण वाकले. कंपनीचं कार्ड चुकीच्या ठिकाणी वापरलं, याबद्दल त्यांनी माफी मागितली. अगदी रीतसर, पूर्ण वाक्यात. ओगावा-सान थांबले. अजून काहीतरी यायचं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बैठकीबद्दलची माफी. ती आली नाही. हायाशी-सान खाली बसले आणि पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवले.

"काय झालं?" हार्लन सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, "त्यांनी कार्डाबद्दल माफी मागितली." "आणि बाकी?" "बाकी ते काही बोलले नाहीत." सरांना यात काही विशेष वाटलं नाही. ओगावा-सानांना वाटलं. त्यांनी जाताना मिठाईचा डबा टेबलावर दोन बोटं पुढे सरकवला आणि माझ्याकडे पाहून मान लववली.

पंधरवड्यात हायाशी-सान परत गेले. पदवी राहिली. नोकरी सोडायचा विचार त्यांनी केला होता, पण राहतं घर कंपनीचं, म्हातारा बाप घरात, मुली शाळेत. शिवाय कंपनीने दुसरंही एक पाऊल उचललं. कंपनीचा पगार घेत असताना काढलेली कल्पना ती कंपनीची, असं सांगून रेखाटनं आणि नमुना मागवून घेतले. करारात तसं होतंच. बैठक बनवायची असती तर एक वेळ ठीक. पण ती कुणालाच बनवायची नव्हती. ती कपाटात गेली. वडिलांसाठी बनवलेली पहिली बैठक तेवढी घरी राहिली, कारण तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

वर्षाअखेरीला योजना सादर करायच्या दिवशी प्रसाद एकटाच उभा राहिला. परीक्षकांनी विचारलं, यातला इंजिनिअर कुठे आहे? प्रसाद म्हणाला, "ऑफिसात." सभागृहात थोडं हसू झालं. त्या उत्तरात विनोद नव्हता, पण प्रसादने तसं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो पुण्याला परतला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. अजून दिवाळीला फोन करतो आणि पोळीची आठवण काढतो.

मला वाटलं, हे प्रकरण संपलं. या नोकरीत अशी पुष्कळ संपलेली पाहिली. उत्साहाने वर आलेला माणूस दोन वर्षांनी शांतपणे परत जागेवर जाऊन बसायचा, आणि मी त्याच्या प्रबंधातली अव्ययं तपासलेली असायची. सुरुवातीला वाईट वाटे. मग नुसता थकवा येऊ लागला. आजोबा म्हणत, सोड ती नोकरी. पण घरी बसून तरी काय करणार होते?

दोनेक वर्षांनी एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू झाला. पहिल्या शनिवारी मी हजेरी घ्यायला गेले तर शेवटच्या बाकावर ओगावा-सान.

मी काही विचारायच्या आत ते उठून वाकले. त्या सुमारास कंपन्यांतून माणसं कमी करायची लाट आली होती. ओगावा-सानांनी आपल्या खात्यात बसून कितीतरी जणांना मृदू आवाजात घरी पाठवलं, आणि ते काम संपल्यावर कंपनीला पर्सोनेलमध्ये इतकी माणसं कशाला हवीत असा प्रश्न पडला. मिळालेल्या पैशातून ते स्वखर्चाने शिकायला आले होते. हार्लन सरांनी त्यांना ओळखलं नाही. मी ओळख करून दिली नाही.

योजना निवडायची वेळ आली तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, ती बैठक अजून कपाटात आहे. मला ती बनवायची आहे. कशी, ते मी विचारलं. ते म्हणाले, "मी पर्सोनेलवाला. मला वस्तू बनवता येत नाही. पण कंपनीकडून एखादी गोष्ट कशी सोडवून घ्यायची, ते मला येतं."

आणि खरोखरच आलं. वर्षभर ते जुन्या सहकाऱ्यांना एकेकाला भेटत राहिले. कुणाशी चहा, कुणाशी मासेमारी, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी. अर्ज केला तो अगदी शेवटी, सगळ्यांचा होकार आधीच गोळा झाल्यावर. कंपनीने निरुपयोगी म्हणून ती रेखाटनं त्यांना देऊन टाकली. एक तोंडी अट होती. ती बैठक मुळात कुणी काढली ते कुठे सांगायचं नाही. आमच्याकडच्या माणसाची कल्पना आम्ही दाबून ठेवली, असं बाहेर दिसायला नको होतं. ओगावा-सानांनी शब्द दिला.

मग ते हायाशी-सानांना भेटले आणि माझ्याबरोबर या म्हणाले. हायाशी-सानांनी "विचार करतो" म्हणून सांगितलं. इथे विचार करतो म्हणजे नाही. ओगावा-सान त्या अर्थाने ते घेऊन परत आले.

ईरा, शेवट काय झाला ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पानं उलटायची नाहीस. ती कंपनी निघाली. सेतोच्या त्या बाईंनी पहिल्या बैठका ठेवल्या. काही वर्षं बरी चालली. मग मोठ्या कंपन्यांनी विजेवर चालणाऱ्या, दिसायला देखण्या बैठका काढल्या आणि ओगावा-सानांना आवरतं घ्यावं लागलं. तुझ्या पुस्तकात ज्यांची नावं येतील त्यांच्यात ती नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, योजना सादर करायच्या दिवसाचं.

त्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांचे पाहुणे पुढच्या रांगेत. त्यांत हायाशी-सानांचे विभागप्रमुख. मागच्या दाराजवळ, कोट मांडीवर घेऊन, खुद्द हायाशी-सान. ते येणार हे मला माहीत नव्हतं.

ओगावा-सानांनी योजना नीट मांडली. प्रश्नांच्या वेळी एक वयस्कर परीक्षक व्यासपीठावर गेले आणि स्वतः बैठकीवर बसले. पुढे झुकले, वर आले, आणि मधे एका जागी बैठक क्षणभर थांबली. ते पुन्हा बसले, पुन्हा उठले. पुन्हा तिथेच थांबली. त्यांनी विचारलं, हा दोष आहे का? दोष नसेल तर नेमकी इथेच का थांबते?

ओगावा-सानांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हातातली टिपणं चाळली. ज्याला ठाऊक होतं त्याचं नाव न घ्यायचा शब्द दिलेला. परीक्षक वाट बघत होते.

"माझ्या वडिलांना तिथे चक्कर येते," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. हायाशी-सान उभे होते.

"म्हणून तिथे थोडं थांबावं लागतं. मग उरलेलं उठता येतं. तो दोष नाही."

परीक्षकांनी विचारलं, तुम्ही कोण?

हायाशी-सानांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी मान वळवली नव्हती. ते समोरच बघत बसले होते.

"ही मी बनवली," ते म्हणाले.

हार्लन सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आजूबाजूला बघून थांबवल्या. ओगावा-सान व्यासपीठावरून मागच्या दाराच्या दिशेने वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. विभागप्रमुख मध्यंतराआधीच निघून गेले.

संध्याकाळी मी आवरून बाहेर पडले तर हायाशी-सान फाटकाशी उभे. स्टेशनपर्यंत बरोबर येता का, असं त्यांनी विचारलं. माझा रस्ता तो नव्हता, पण मी गेले. ते फार हळू चालत होते. आता नोकरी राहणार नाही हे घरी माहीत आहे का, असं मी विचारलं.

"अजून नाही. आता जाऊन सांगायचं."

"बायको काय म्हणेल?"

"राहायचं कुठे ते विचारेल. मग वडिलांचं. मग मुलींचं." थोडं चालून ते म्हणाले, "मीही सभागृहात बसून स्वतःला तेच विचारत होतो. उत्तर काही मिळालं नाही. पण त्या परीक्षकांनी त्या थांबण्याला दोष म्हटलं."

स्टेशनसमोर कोन्बिनी होतं, चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ते आत शिरले. मी दाराशी थांबले. थंड कपाटातून त्यांनी पुडिंगच्या पाच बरण्या काढल्या, काचेच्या, महागातल्या. पैसे द्यायच्या काउंटरपर्यंत गेले. तिथून परत फिरले, बरण्या एकेक करून जागेवर ठेवल्या, लेबलं समोर येतील अशा नीट लावल्या, आणि खालच्या फळीवरचं साधं, प्लॅस्टिकच्या वाट्यांतलं पुडिंग घेतलं.